हजार रुपयांचं डोमेन कोटींना विकलं जातं म्हणे, पण या धंद्यात कमावतं कोण आणि अडकतं कोण?

ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट. रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातला मनोरंजनाचा धंदा एकत्र होणार हे तोपर्यंत पक्कं झालं होतं. मग जिओसिनेमा आणि हॉटस्टार यांचं काय होणार, नवीन ॲपचं नाव काय असणार याची चर्चा सगळीकडे सुरू होती. अशात काही जणांनी 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' उघडून बघितलं. तिथे ना क्रिकेट होतं ना सिरीयल. तिथे होतं एक पत्र.

पत्र दिल्लीच्या एका ॲप डेव्हलपरचं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आयपीएलचे डिजिटल हक्क हातातून गेल्यावर हॉटस्टारचे युजर्स कमी होतायत अशा बातम्या त्याने २०२३ मध्ये वाचल्या. जिओने याआधी 'सावन' घेतलं तेव्हा त्याचं 'जिओसावन' झालं होतं. मग हॉटस्टार घेतलं तर 'जिओहॉटस्टार' होणार, असा अंदाज बांधून त्याने ते डोमेन बुक करून टाकलं. आता रिलायन्सला हे नाव हवं असेल तर त्यांनी आपल्या केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च उचलावा, अशी त्याची मागणी होती. हा खर्च होता साधारण एक कोटी रुपये.

पोस्ट तुफान व्हायरल झाली. काही दिवसांतच त्याने सांगितलं की, कंपनीने मागणी नाकारली आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिलाय. पुढे ते डोमेन दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं. त्यांनी ते रिलायन्सला फुकट द्यायची तयारी दाखवली. आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला ॲप आलं ते 'जिओहॉटस्टार' याच नावाने.

म्हणजे बघा, अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला, पण कंपनीकडून मागितलेले एक कोटी काही आले नाहीत.

आता दुसरी गोष्ट. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे डोमेन मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकन कंपनीने ब्लॉक डॉट वन या कंपनीला विकलं. किंमत होती ३ कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने दोनशे कोटी रुपयांपेक्षा जास्त. कुणी कुणाला नोटीस पाठवली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही.

दोन्हीकडे विकायला होतं ते फक्त एक नाव. मग एका नावाला दोनशे कोटी आणि दुसऱ्याला कारवाईचा इशारा, असं का? हा फरक ज्याला कळला त्याला डोमेनचा अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा धंदा हिशोबाचा आहे आणि रील्समध्ये नेमका तोच सांगत नाहीत.

आधी हे समजून घ्या, डोमेन तुमच्या मालकीचं नसतं

इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम मांडली. तुम्ही नाव टाकायचं आणि सिस्टीमने त्यामागचा आकडा शोधायचा. आपल्या फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टसारखंच. १५ मार्च १९८५ ला 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं गेलं.

आज या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर रजिस्ट्री. डॉट कॉमची रजिस्ट्री म्हणजे व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी आणि आपल्या डॉट इनची रजिस्ट्री म्हणजे निक्सी ही संस्था. त्याखाली रजिस्ट्रार, म्हणजे ज्यांच्या वेबसाइटवर जाऊन आपण डोमेन घेतो त्या कंपन्या. आणि शेवटी तुम्ही, म्हणजे नाव नोंदवणारे. जगभरातल्या या कारभाराचे नियम १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते.

यात महत्त्वाचा मुद्दा असा की, डोमेनचा सातबारा तुमच्या नावावर होत नाही. होतो तो भाडेकरार. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचं भाडं भरता येतं. भाडं भरत राहिलात तर नाव तुमच्याकडे राहतं, थकवलंत तर ते परत बाजारात जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा नफा-तोटा यावरच ठरतो.

फुकट मिळणारी नावं विकाऊ कधी झाली?

१९९५ पर्यंत डॉट कॉम नाव नोंदवायला पैसेच लागायचे नाहीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. त्याआधी मोठमोठ्या कंपन्यांनाही या नावांची किंमत कळलेली नव्हती.

१९९४ मध्ये जोशुआ क्विटनर नावाच्या अमेरिकन पत्रकाराने हेच दाखवून द्यायचं ठरवलं. त्याने मॅकडोनाल्ड्सला विचारलं की तुमच्या नावाचं डोमेन तुम्ही घेतलंय का? घेतलं नव्हतं. मग त्याने स्वतःच 'मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम' नोंदवलं आणि 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला. शेवटी मॅकडोनाल्ड्सने न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेला कॉम्प्युटरच्या सोयीसाठी ३,५०० डॉलर दिले आणि नाव कंपनीकडे आलं.

त्यानंतर मात्र लोक जागे झाले. नव्वदच्या दशकातच दीड लाख डॉलरला घेतलेलं 'बिझनेस डॉट कॉम' १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. डॉट कॉमच्या लाटेत ही बातमी जगभर गाजली आणि डोमेन घेऊन ठेवणं, चढ्या भावाने विकणं हा रीतसर धंदा झाला.

टेस्लाचं उदाहरण तर मस्क यांनीच सांगितलेलं आहे. सुरुवातीला कंपनीची वेबसाइट 'टेस्लामोटर्स डॉट कॉम' होती, कारण 'टेस्ला डॉट कॉम' दुसऱ्या कुणाकडे होतं. ते मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असं मस्क यांनी सांगितलं होतं.

मग हा धंदा चालतो तरी कसा?

डोमेनवाले नावं साधारण तीन ठिकाणांहून उचलतात.

पहिला मार्ग म्हणजे कुणीच न घेतलेलं नवं नाव शोधून नोंदवायचं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड मार्ग. डॉट कॉममध्येच आज १५ कोटींहून जास्त नावं नोंदलेली आहेत. इंग्रजीतल्या तीन अक्षरांच्या सगळ्या जोड्या मोजल्या तर १७,५७६ होतात, आणि डॉट कॉममध्ये त्या कधीच संपल्या आहेत. सोपे इंग्रजी शब्दही संपल्यात जमा आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे मुदत संपलेली नावं. कुणी नूतनीकरण विसरलं की नाव लगेच सुटत नाही. आधी रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतो, ती ४५ दिवसांपर्यंत असू शकते. मग ३० दिवस जुन्या मालकाला जादा दंड भरून नाव सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते खुलं होतं. चांगलं नाव असेल तर या काळात त्यावर अनेकांचे डोळे असतात. रजिस्ट्रार बऱ्याचदा मधेच लिलाव करतात आणि उरलेलं नाव खुलं झालं की ते पकडायला लोकांनी सॉफ्टवेअर लावून ठेवलेली असतात.

तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या डोमेनवाल्याकडून विकत घ्यायचं आणि जास्त किमतीत पुढे विकायचं. सेडो, ॲफ्टरनिक, गोडॅडी ऑक्शन्स असे यासाठीचे बाजार आहेत.

किंमत ठरते ती साध्या गोष्टींवर. नाव छोटं आहे का? त्याला अर्थ आहे का? त्या अर्थाच्या धंद्यात पैसा आहे का? शेवटी डॉट कॉम आहे की दुसरं काही? आणि सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे, नाव फोनवर एकदाच सांगितलं तर समोरच्याला स्पेलिंग न विचारता टाइप करता येतं का? मराठी शब्दांची नावं इंग्रजी अक्षरांत घ्यायला गेलं की घोडं इथेच अडतं. एकच शब्द चार जण चार प्रकारे लिहितात.

गिऱ्हाईक मिळालं की मोठे व्यवहार एस्क्रोमधून होतात. म्हणजे खरेदीदार पैसे तिसऱ्या कंपनीकडे ठेवतो, विकणारा डोमेन त्याच्या नावावर करतो आणि मग पैसे सुटतात. इनामदारी दोघांच्या शब्दावर सोडलेली नसते.

आता पाटी-पेन्सिल घेऊन हिशोब करू

रील्समध्ये काय सांगतात? हजार रुपयांत डोमेन घ्या, लाखात विका. आता हाच हिशोब जरा पूर्ण करून बघू.

डॉट कॉमसाठी व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून वर्षाला १० डॉलरहून थोडे जास्त घेते. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि कर. भारतात नूतनीकरण साधारण हजार ते दीड हजार रुपयांना पडतं. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये दोन-तीनशेला मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी पूर्ण किमतीला येतं, हे पण विसरायचं नाही.

समजा एखाद्याने १०० नावं घेतली. नूतनीकरण सरासरी १,२०० रुपये धरलं तर वर्षाला १ लाख २० हजार. तीन वर्षांत ३ लाख ६० हजार. हे पैसे नाव विकलं गेलं नाही तरी जाणारच.

आता विक्री. या धंद्यात मुरलेले लोक वर्षाला शंभरातली एक-दोन नावं विकली गेली तरी ठीक चाललंय असं मानतात. समजा एक विकलं गेलं. बाजाराचं कमिशन २० टक्के धरलं, तर वर्षाचा नुसता खर्च निघायला ते एक नाव दीड लाखाला विकलं जायला हवं. दोन विकली गेली तर प्रत्येकी ७५ हजारांना. इथपर्यंत नफा शून्य. नफा झालाच तर त्यावर आयकर आहे.

आणि दीड लाखाला नाव घेणारा कोण असतो? ज्याला नेमकं तेच नाव हवंय असा माणूस किंवा कंपनी. असा माणूस जगात एकच असू शकतो आणि तो येईपर्यंत दहा वर्षं जाऊ शकतात. शेअर घेतला तर बाजारभावाने दुसऱ्या दिवशी विकता येतो. सोनं सराफाकडे नेलं की पैसे हातात येतात. डोमेनला असा रोजचा भाव नसतो. एखादी वेबसाइट 'तुमच्या डोमेनची किंमत २ लाख' असं दाखवते तेव्हा ती फक्त सॉफ्टवेअरने लावलेली अटकळ असते. तेवढ्याला घ्यायला कुणी उभं आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणूनच या धंद्यातल्या बातम्या वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. विकल्या गेलेल्या नावांची बातमी होते. न विकता, नूतनीकरण न करता सोडून दिलेल्या नावांची बातमी होत नाही.

या सगळ्यात ठरलेले पैसे कुणाला मिळतात? रजिस्ट्री आणि रजिस्ट्रारला. कॅरिबियनमधल्या अँग्विला या छोट्या बेटाचं उदाहरण मजेशीर आहे. जसं भारताला डॉट इन, तसं अँग्विलाला देशाचा कोड म्हणून 'डॉट एआय' मिळालं होतं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चॅटजीपीटी आलं, एआय कंपन्यांची रांग लागली आणि २०२३ मध्ये या बेटाच्या सरकारला डोमेनमधून साधारण ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त. डॉट एआय घेणाऱ्यांपैकी कुणाचं नाव विकलं गेलं आणि कुणाचं पडून राहिलं, याच्याशी बेटाला देणंघेणं नाही. भाडं सगळ्यांनीच भरलं.

जिओहॉटस्टारचं गणित कुठे चुकलं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

'व्हॉइस' म्हणजे आवाज. हा शब्द कुठल्या एका कंपनीचा नाही. तो आधी ज्याने नोंदवला त्याचा. 'बिझनेस'चंही तसंच. पण 'जिओ' आणि 'हॉटस्टार' हे शब्द जोडून होणाऱ्या नावाला किंमत येते कुठून? त्या दोन ब्रँडमधून. ते ब्रँड आधीच कुणाचे तरी आहेत. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव त्यालाच विकायचं म्हणून अडवून ठेवणं याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. मोकळ्या जमिनीवर रीतसर प्लॉट घेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारासमोर ठाण मांडून पैसे मागणं वेगळं, इतका सरळ फरक आहे.

यासाठी आयकॅनने १९९९ मध्ये यूडीआरपी नावाचं धोरण आणलं. त्यातला पहिलाच निकाल वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एकाने 'वर्ल्डरेसलिंगफेडरेशन डॉट कॉम' नोंदवलं आणि तीनच दिवसांनी ते कंपनीला १,००० डॉलरला विकायची ऑफर दिली. कंपनीने तक्रार केली. जानेवारी २०००मध्ये निकाल लागला आणि नाव कंपनीला मिळालं. नाव नोंदवून लगेच ब्रँडच्या मालकाला विकायला जाणं हाच वाईट हेतूचा पुरावा धरला गेला.

यूडीआरपीमध्ये तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. ते घेणाऱ्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही. आणि ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं गेलंय. निर्णय साधारण दोन महिन्यांत येतो, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वायपो या संस्थेकडे एक ते पाच नावांसाठी एका पंचाच्या सुनावणीची फी आहे १,५०० डॉलर. मग जी कंपनी दीड हजार डॉलरमध्ये नाव परत मिळवू शकते, ती एक कोटी रुपये कशाला देईल? वायपोकडे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत सहा हजारांहून जास्त तक्रारी आल्या होत्या.

डॉट इनसाठी आपल्याकडे वेगळं धोरण आहे, आयएनडीआरपी. त्याचा फास आणखी आवळ आहे. यूडीआरपीमध्ये नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचं दाखवावं लागतं. डॉट इनच्या बाबतीत दोन्हीपैकी एक दाखवलं तरी पुरतं. अमेरिकेत तर १९९९ च्या कायद्यानुसार कोर्ट एका डोमेनमागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं.

भारतातली कोर्टं काय म्हणतात?

भारतात सायबरस्क्वॉटिंगसाठी खास कायदा नाही. पण कोर्टांनी ट्रेडमार्कच्या तत्त्वांवर हे निकाल गेली पंचवीस वर्षं दिलेत.

१९९९ मध्ये 'याहूइंडिया डॉट कॉम' हे नाव वापरणाऱ्याला दिल्ली हायकोर्टाने रोखलं. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात रेडिफचं प्रकरण आलं. 'रेडिफ डॉट कॉम' ही मुंबईची कंपनी आणि समोरच्याने इंग्रजी 'ई'च्या जागी 'ए' टाकून जवळजवळ तसंच नाव घेतलेलं. एका अक्षराचा फरक. कोर्टाने सांगितलं की डोमेन नेम हे नुसत्या पत्त्यापेक्षा जास्त काही आहे आणि त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं.

२००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सुप्रीम कोर्टाने यावर शिक्कामोर्तब केलं. डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी ट्रेडमार्क कायद्याच्या चौकटीत त्याला संरक्षण आहे, असं कोर्टाने म्हटलं.

माणसाच्या नावाचं काय? २०११ मध्ये अरुण जेटली यांच्या नावाच्या डॉट कॉमचा खटला दिल्ली हायकोर्टात गाजला. त्यांनी नाव घ्यायचं ठरवलं तेव्हा ते आधीच दुसऱ्या कुणीतरी घेऊन विकायला ठेवलेलं होतं. कोर्टाने निकाल जेटलींच्या बाजूने दिला. प्रसिद्ध माणसाचं नाव ही त्याची ओळख आहे आणि तिला संरक्षण मिळतं, असं त्यातून स्पष्ट झालं. त्यामुळे निवडणुका आल्या की उमेदवारांच्या, सिनेमा आला की हिरोच्या नावाची डोमेनं घेऊन ठेवणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवलेला बरा.

पण याचा अर्थ मोठी कंपनी नेहमी जिंकते असाही नाही. अमेरिकेत उझी निसान नावाच्या व्यावसायिकाकडे 'निसान डॉट कॉम' होतं. निसान हे त्याचं स्वतःचं आडनाव. त्याने आपल्या कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी १९९४ मध्ये ते नोंदवलं होतं. कार बनवणाऱ्या निसानने १९९९ मध्ये त्याच्यावर खटला भरला. लढाई अनेक वर्षं चालली, त्याचे पैसेही पाण्यासारखे गेले, पण नाव त्याच्याकडेच राहिलं. कारण ते त्याचंच आडनाव होतं आणि त्याने ते अडवायला घेतलेलं नव्हतं.

मराठी आणि देवनागरी नावांचं काय?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' सुरू झालं. तेव्हापासून पूर्ण देवनागरीत डोमेन घेता येतं. सुरुवातीलाच ज्या आठ भाषांसाठी ते खुलं झालं त्यात मराठी आणि कोकणीही होत्या. म्हणजे 'हळद डॉट भारत', 'वधूवर डॉट भारत' अशा धाटणीचं नाव थेट मराठी अक्षरांत असू शकतं.

मग इथे संधी आहे का? वाचायला छान वाटतं, पण अडचण मागणीची आहे. आजही अनेक वेबसाइटचे फॉर्म देवनागरी पत्ता किंवा देवनागरी ईमेल स्वीकारत नाहीत. लोकांनाही पत्ता इंग्रजीत टाइप करायची सवय आहे. त्यामुळे स्वतःच्या वापरासाठी, आपल्या वेबसाइटचा जोडपत्ता म्हणून देवनागरी नाव घेणं ठीक. पुढे लाखात विकू म्हणून पन्नास नावं अडवून ठेवणं म्हणजे दरवर्षी भाडं भरत वाट बघणं.

विकायला नसलात तरी हे तुमच्या कामाचं आहे

डोमेन विकायचा विचार तुमच्या डोक्यात नसेल, पण घरी दुकान, क्लास, पर्यटनाचा व्यवसाय किंवा यूट्यूब चॅनल असेल तर या धंद्याची दुसरी बाजू तुमच्याशी जोडलेली आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वेबसाइट बनवून घेताना. बनवणारा डोमेन स्वतःच्या अकाउंटवरून, स्वतःच्या नावाने घेतो. मालकाला वाटतं नाव आपलं. पुढे पैशांवरून बिनसलं की तो डोमेन अडवतो आणि व्यवसायाची वेबसाइट, ईमेल सगळं बंद पडतं. नाव नोंदवणारा म्हणून कागदावर तोच असतो. म्हणून डोमेन आपल्याच ईमेलवरून, आपल्याच नावाने घ्यावं आणि बनवणाऱ्याला फक्त कामापुरता ॲक्सेस द्यावा.

दुसरं म्हणजे नूतनीकरण. हे विसरणं फक्त लहान दुकानदारांचं काम नाही. २०१५ मध्ये गूगलच्याच एका माजी कर्मचाऱ्याने गूगलच्या डोमेन सेवेवर सहज शोधलं तर 'गूगल डॉट कॉम' १२ डॉलरला विकायला दिसलं. त्याने घेतलंसुद्धा. मिनिटाभरात गूगलने व्यवहार रद्द केला. ही सिस्टीममधली चूक होती, पण गूगलने त्याला बक्षीस दिलं ६,००६.१३ डॉलर. आकडे नीट बघितले तर इंग्रजीत 'गूगल' लिहिल्यासारखे दिसतात. त्याने ते पैसे दान करायचं ठरवल्यावर गूगलने रक्कम दुप्पट केली. गूगलकडे नाव मिनिटात परत आलं. तुमच्या व्यवसायाचं नाव सुटलं आणि लिलावात गेलं, तर ते परत घ्यायला किती मोजावे लागतील हे समोरचा ठरवणार.

तिसरं म्हणजे धमकीवजा ईमेल. 'तुमच्या नावाचं डोमेन परदेशातली कंपनी नोंदवतेय, आजच पैसे भरा' किंवा 'तुमच्या डोमेनला मोठं गिऱ्हाईक आलंय, आधी मूल्यांकनाची फी भरा' असे मेल येतात. हे दोन्ही जुने सापळे आहेत. खरं गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून आधी फी मागत नाही.

आणि चौथं, बँकेचं. एक अक्षर बदलून बनवलेली डोमेनं फक्त विकायला नसतात, तुमचा पासवर्ड चोरायलाही असतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही राखीव ओळख जाहीर केली आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं, बाजारात कुणालाही विकत घेता येत नाही. बँकेची वेबसाइट उघडताना पत्त्याचा शेवट 'बँक डॉट इन' आहे का, हे बघायची सवय लावून घ्या.

मग करायचं की नाही?

डोमेन विकणं बेकायदेशीर नाही. साधा, अर्थाचा, कुणाच्याही ब्रँडला न चिकटलेला शब्द घेऊन ठेवणं आणि योग्य गिऱ्हाईक आलं की विकणं हा सरळ धंदा आहे आणि त्यात पैसे कमावलेले लोकही आहेत. पण त्यासाठी हातात असे पैसे हवेत जे दहा वर्षं अडकले तरी घरचं बजेट हलणार नाही.

करून बघायचंच असेल तर शंभर नावांपासून सुरुवात करू नका, दोन-तीन नावांपासून करा. प्रत्येक नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर ते शोधा, हा शोध फुकट आहे. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा, या नावाला किंमत शब्दामुळे येतेय की दुसऱ्याच्या ब्रँडमुळे? उत्तर ब्रँड असेल तर ते नाव सोडून द्या.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनी फक्त एवढं करा. घरच्या व्यवसायाचं डोमेन असेल तर रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर लॉगिन करून ते कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपतेय हे आजच बघा. लॉगिन तुमच्याकडे नसेल, तर ते आधी मिळवा.